काचेवरची शीट

रात्रीचे अकरा वाजलेले. वसतिगृहाच्या खोलीत खिडकीची सुटी काच दोन खुर्च्यांवर आडवी ठेवलेली, तिच्याखाली टेबल लॅम्प. काचेवर मित्राची पूर्ण झालेली ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि खालून येणाऱ्या उजेडात त्याच्या रेषा आपल्या कागदावर गिरवायच्या. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या बोलीत याला ‘जीटी मारणं’ म्हणतात. पहिल्या सेमिस्टरला माझ्या सगळ्या शीट्स मी अशाच काढल्या. सबमिशन वेळेत झालं, सह्याही मिळाल्या.

मग ओरलचा दिवस आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्यापुढे लाकडाचा एक खाचा पाडलेला ठोकळा ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “याचा टॉप व्ह्यू काढून दाखव.” एका हातात ठोकळा होता, दुसऱ्या हातात पेन्सिल होती, आणि पहिली रेष कुठून सुरू करायची तेच मला कळत नव्हतं. ते रागावले नाहीत. माझ्या शीट्स त्यांनी एकेक करून पाहिल्या, मिटल्या आणि मला जायला सांगितलं.

यंदा सीईटी देऊन, कॅप राउंडच्या याद्या पुन्हा पुन्हा तपासून तुम्ही इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला असेल, तर तुमच्याशी मला याच ठोकळ्याबद्दल बोलायचं आहे. पहिल्या वर्षी मागे पडणाऱ्या मुलांमध्ये बुद्धी कमी असलेली मुलं मी क्वचितच पाहिली. बहुतेकांना दुसऱ्याच्या रेषा गिरवायची सवय लागलेली असते. ही सवय पहिल्या दोन महिन्यांत लागते आणि तिथेच ती टाळता येते.

आधी कागदपत्रांची फाईल

हे काम कंटाळवाणं असलं तरी सगळ्यात आधी उरकून टाका. मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा करण्यापूर्वी प्रत्येकाच्या पाच-सहा झेरॉक्स काढा आणि स्वच्छ स्कॅन करून ठेवा: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर. एकदा मूळ प्रती ऑफिसच्या कपाटात गेल्या की प्रत्येक अर्जासाठी मागे फिरावं लागतं.

शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. खुल्या प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. याच उत्पन्न मर्यादेत २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत लागू झाली आहे. राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या असतात, म्हणून कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात जाऊन समोरासमोर विचारा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते आजच तपासा. आणि अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. पहिल्या वर्षी पैसे मिळाले म्हणून दुसऱ्या वर्षी गाफील राहिलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि मग त्यांच्या वडिलांना घ्यावं लागलेलं कर्जही.

सीईटी संपली आहे

गेली दोन वर्षं तुमचा हात एका विशिष्ट वळणाला लागला आहे. सीईटीत गणिताचे पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. उत्तर चार पर्यायांत कुठेतरी दडलेलं असतं आणि ते कसं शोधलं, हे कुणी विचारत नाही. इंजिनिअरिंगच्या लेखी परीक्षेत मोठे प्रश्न असतात, पर्याय नसतात, आणि गुण पायऱ्यांना मिळतात. एम-वनचा, म्हणजे पहिल्या गणिताचा, पेपर अवघड जाण्याचं एक मोठं कारण हेच आहे. गणित डोक्यात येतं, पण कागदावर सलग उतरवायची सवय मोडलेली असते.

उपाय साधा आहे. रोज एम-वनची तीनच उदाहरणं सोडवा, पण वही बंद ठेवून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. वर्गात फळ्यावरचं उदाहरण उतरवून घेताना सगळं समजल्यासारखं वाटतं. तेच उदाहरण संध्याकाळी कोऱ्या कागदावर सोडवायला घेतलं की नेमकं कुठे अडतं ते कळतं. जिथे अडलं तिथे पेन्सिलीने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी ती खूण घेऊन शिक्षकांकडे जा. “सर, मला हे पार्शल डिफरन्सिएशन येत नाही” असं म्हटलं तर सर कुठून सुरुवात करणार? “सर, या तिसऱ्या ओळीतून चौथी कशी आली?” असं विचारलं तर दोन मिनिटांत काम होतं, आणि सरांना तुमचा चेहराही लक्षात राहतो.

श्रेयांक, म्हणजे क्रेडिटचं गणितही पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. साधारणपणे आठवड्याला एक तासाच्या लेक्चरला एक क्रेडिट आणि दोन तासांच्या प्रॅक्टिकलला एक क्रेडिट असतो. समजा, चार क्रेडिटच्या विषयात तुम्हाला ६ ग्रेड पॉइंट मिळाले आणि एका क्रेडिटच्या विषयात १०. सरासरी ८ येत नाही. चोवीस अधिक दहा भागिले पाच, म्हणजे ६.८ येते. मोठ्या क्रेडिटचा विषय ढिला सोडून छोट्या विषयांवर निकाल सावरता येत नाही. आणि हजेरीकडे सुरुवातीपासून लक्ष ठेवा. बहुतेक ठिकाणी ती ७५ टक्के लागते आणि ऑगस्टमध्ये बुडवलेले तास नोव्हेंबरमध्ये भरून निघत नाहीत.

साबणाची वडी

माझ्या त्या ओरलनंतर शेजारच्या खोलीतल्या एका सीनियरने मला बोलावलं. त्याने कपडे धुण्याच्या साबणाची नवी वडी घेतली, ब्लेडने तिचा एक कोपरा उतरता कापला, मध्ये एक खाच पाडली आणि वडी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, “एक डोळा मिट. समोरून बघ आणि जे दिसतं तेवढंच काढ.” त्यानंतर वरून बघायला लावलं, मग डावीकडून. जी रेष दिसत नाही पण मागे आहे हे ठाऊक आहे, ती तुटक काढायची. एका तासात मला जे कळलं, ते सेमिस्टरभर काचेवर वाकून कळलं नव्हतं.

आपल्याकडे प्रामुख्याने फर्स्ट अँगल पद्धत वापरतात. तिच्यात फ्रंट व्ह्यू वर, टॉप व्ह्यू त्याच्या खाली आणि डावीकडून दिसणारा व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या उजवीकडे येतो. हे उलटं का, असा प्रश्न पडला तर चांगलं लक्षण समजा. वस्तू आपल्या आणि पडद्याच्या मध्ये ठेवली आहे आणि तिची आकृती पलीकडच्या पडद्यावर पडते, असं डोळ्यांसमोर आणा. मग भिंती आणि जमिनीसारखे असलेले हे पडदे उलगडून सपाट करा. पाठ करण्यासारखं काही उरत नाही.

साहित्यावर फार पैसे घालवू नका. ड्राफ्टर, ड्रॉइंग बोर्ड आणि शीट ठेवायचा कंटेनर सीनियरकडून निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. ड्राफ्टर घेताना बोर्डावर लावून एक आडवी रेष काढा, तो सरकवून तिच्याच समांतर दुसरी काढा. दोन्ही रेषांमधलं अंतर दोन्ही टोकांना सारखं आलं तरच घ्या. एन. डी. भट यांचं ‘इंजिनिअरिंग ड्रॉइंग’ आणि बी. एस. ग्रेवाल यांचं ‘हायर इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स’ ही पुस्तकं ग्रंथालयात असतातच. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकंही मिळतात. लॅपटॉप पहिल्याच आठवड्यात घ्यायची घाई करू नका. कॉलेजच्या लॅबमध्ये महिनाभर काम करा, आपल्या शाखेला काय लागतं ते सीनियरना विचारा, मग ठरवा.

फटीतला उजेड

वर्कशॉपला मुलं फार गंभीरपणे घेत नाहीत. कॉम्प्युटर शाखेला आलो तर कानस कशाला घासायची, असा प्रश्न हमखास येतो. फिटिंगच्या जॉबमध्ये लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचे असतात. बसवून झाले की इन्स्ट्रक्टर ते उचलून खिडकीकडे धरतात. दोहोंच्या मधून जिथे उजेड दिसतो, तिथे चूक असते. तुम्ही किती वेळ घासलं, किती घाम गाळला, याचा त्या उजेडाशी संबंध नसतो. आपलं काम असं तपासून घ्यायची सवय कोणत्याही शाखेला लागते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तर रोजच. म्हणून जॉब दुसऱ्याकडून करून घेऊ नका. बूट घाला, एप्रन घाला, केस बांधा, हातात कडं किंवा दोरा असेल तर काढून ठेवा. फिरतं यंत्र कुणालाही ओळखत नाही.

तीच गोष्ट जर्नलची. प्रयोगात आलेलं रीडिंग पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं नाही की मुलं मागून आकडे बसवतात. तसं करू नका. जे आलं ते लिहा आणि फरक का पडला असेल ते दोन ओळींत मांडा. या दोन ओळी लिहिताना होणारा विचार हाच प्रयोगाचा खरा उपयोग असतो. युनिटशिवाय आकडा लिहू नका. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ गमावलं गेलं, कारण एका संगणक प्रणालीने दिलेले आकडे पाउंड-सेकंदात होते आणि ते वापरणाऱ्यांनी न्यूटन-सेकंदात आहेत असं धरलं होतं. युनिट लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापणारे सर तुम्हाला कडक वाटतील. पण ते तुम्हाला एक फार मोठी गोष्ट शिकवत असतात.

आजची काच

माझ्या काळात काचेखाली दिवा होता. तुमच्या हातात मोबाईल आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोडवलेली असाइनमेंट येते, एआयला प्रश्न टाकला की पूर्ण कोड मिळतो, आणि रात्री दोन वाजता जर्नल छापायला बसलं की सकाळी सबमिशन होतं. ही साधनं वापरू नका असं मी म्हणणार नाही. शिकायला ती उत्तम आहेत. फक्त क्रम पाळा. आधी अर्धा तास स्वतः झगडा. मग जिथे अडलं तेवढंच विचारा. मिळालेलं उत्तर वाचा, बंद करा आणि स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहा. कोड असेल तर त्यातली एक ओळ मुद्दाम बदला आणि काय होईल ते चालवण्याआधी सांगून बघा. सांगता आलं तर तो कोड तुमचा झाला.

वर्गात एखादा विषय नीट कळला नाही तर एनपीटीईएलवर आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोफत आहेत. रोज अर्ध्या तासाचं एक व्याख्यान, वही-पेन घेऊन. परीक्षेच्या आदल्या रात्री दुप्पट वेगाने ऐकलेल्या व्याख्यानातून हाती फारसं लागत नाही.

इंग्रजीची भीती

जत, भोकरदन, अक्कलकुवा, गडहिंग्लज अशा गावांतून आलेल्या मुला-मुलींना मला हे मुद्दाम सांगायचं आहे. दहावीपर्यंत तुम्ही त्वरण, संवेग, विभवांतर, रोध शिकलात. त्या कल्पना तुमच्या डोक्यात पक्क्या आहेत. त्यांना आता ॲक्सिलरेशन, मोमेंटम, पोटेन्शियल डिफरन्स, रेझिस्टन्स ही दुसरी नावं मिळाली, एवढंच. एक छोटी वही करा. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी, आणि खाली स्वतःचं एक उदाहरण. विहिरीवरचा पंप, उसाचा चरक, ट्रॅक्टरची लिफ्ट ही उदाहरणं तुमच्याजवळ आहेत. टॉर्क म्हणजे काय, हे लांब दांड्याच्या पान्याने गंजलेला नट सोडवलेल्या मुलाला जितकं कळतं तितकं नुसती व्याख्या पाठ केलेल्याला कळत नाही.

अभ्यास मराठीत समजून घ्यायला अजिबात लाजू नका. मित्राला एखादा सिद्धांत आधी मराठीत समजावून सांगा, मग तोच एकदा इंग्रजीत, मोठ्याने, मोडकातोडका का होईना. ओरलला हीच तालीम कामी येते. उत्तर माहीत असून गप्प बसलेल्याला शून्य मिळतं आणि अडखळत बरोबर बोललेल्याला गुण मिळतात, हे मी परीक्षकाच्या खुर्चीतून पुढे अनेक वर्षं पाहिलं आहे.

खोली, मेस आणि माणसं

वसतिगृह मिळालं तर पहिल्या वर्षी तिथेच राहा. नाही मिळालं तर कॉट बेसिसवर जागा घेताना डिपॉझिट, वीजबिल आणि जागा सोडण्याची मुदत कागदावर लिहून घ्या. महिन्याची मेस लावण्यापूर्वी तीन-चार दिवस रोखीने जेवून बघा आणि खाडा किती दिवसांचा धरतात ते विचारा. परवडत नसेल तर कॉलेजमधल्या ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी करा. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्था ग्रामीण भागातल्या मुला-मुलींच्या राहण्या-जेवणाची सोय करतात. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. गावाकडच्या मुलांनी शिकावं म्हणून आपल्या समाजाने फार आधीपासून जागा करून ठेवली आहे. ती मागण्यात कमीपणा नाही.

रॅगिंगबद्दल स्पष्ट बोलतो. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि दोषी ठरलेल्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. ओळख करून देणं वेगळं आणि अपमान सोसणं वेगळं. जिथे तुम्हाला भीती वाटते, लाज वाटते, किंवा झोप उडते, तिथे ओळख संपलेली असते. १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय मदत क्रमांक मोबाईलमध्ये जतन करून ठेवा. आणि पुढच्या वर्षी सीनियर व्हाल तेव्हा साबणाची वडी घेऊन कुणालातरी खोलीत बोलवा.

केटी लागली तर

एखादा विषय राहू शकतो, म्हणजे केटी लागू शकते. निकालाच्या दिवशी मोबाईल बंद करून बसू नका. आधी घरी सांगा. आई-वडिलांना दुसऱ्याकडून कळलं तर त्यांना निकालापेक्षा लपवाछपवीचं दुःख जास्त होतं. मग विद्यापीठाच्या नियमानुसार उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते का, पुनर्मूल्यांकनाची शेवटची तारीख कोणती, हे त्याच दिवशी बघा. छायाप्रत हातात आली की आपण नेमके कुठे चुकलो ते दिसतं. ते पाहणं जड जातं, पण तिथूनच पुढचा अभ्यास सुरू होतो. राहिलेला विषय पुढच्या संधीलाच काढा, कारण पुढचे विषय त्याच्यावर उभे असतात आणि प्लेसमेंटच्या वेळी अनेक कंपन्या शिल्लक केटी चालवून घेत नाहीत.

मन फारच खचलं, जेवण-झोप बिघडली, कशातच लक्ष लागेना, तर एकटे राहू नका. कॉलेजच्या समुपदेशकांकडे जा, किंवा १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोला. तो चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. ताप आला तर डॉक्टरकडे जातो, तसंच हे आहे.

वर्गाच्या बाहेर

पहिल्या वर्षी एकाच क्लबमध्ये जा, पण त्यात मन लावून काम करा. रोबोकॉनची टीम असो की बाहाची गाडी, सुरुवातीला तुम्हाला नट-बोल्ट मोजायला आणि वायरी सोलायला बसवतील. तेच करा. ज्याला कोणता बोल्ट कुठे आहे ते ठाऊक असतं, त्यालाच पुढे डिझाइनच्या चर्चेत बोलावतात.

आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या भागातलं एखादं मोठं काम बघून या. पुण्यात असाल तर खडकवासल्याला भजी खायला जालच. तेव्हा आठवा, की पुण्यातच इंजिनिअरिंग शिकलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये याच धरणावर बसवले होते. त्यांच्या १५ सप्टेंबर या जन्मदिवशी आपण अभियंता दिन साजरा करतो. कोल्हापूरकरांनी पावसाळ्यात राधानगरीला जावं. तलाव भरला की तिथले दरवाजे पाण्याच्याच दाबाने आपोआप उघडतात. पाण्याचा दाब कुठे लागतो, दरवाजाचं वजन कुठे आहे, तो कशाभोवती फिरतो, याचं चित्र वहीत काढून बघा. मेकॅनिक्सच्या पेपरात विचारतात ते हेच.

मी हे सगळं लिहिलं, तरी आज रात्री करण्यासारखी गोष्ट एकच आहे. दुकानातून साबणाची एक वडी आणा. तिचा एक कोपरा कापा, एक खाच पाडा, टेबलावर ठेवा आणि एक डोळा मिटून समोरून बघा. पहिली रेष वाकडी येईल, खोडरबर लागेल, कागद थोडा काळवंडेल. त्या शीटला कदाचित कमी गुण मिळतील. पण पुढे कधी कुणी तुमच्यापुढे ठोकळा ठेवला, तर पेन्सिल कागदावर कुठे टेकवायची हे तुमच्या हाताला ठाऊक असेल.